मोहरीएवढ्या मण्यांची कसोटी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



माझ्या टेबलावर काचेची एक छोटी बाटली असते. घट्ट बुचाची. तिच्यात पांढरेशुभ्र, मोहरीच्या दाण्याएवढे मणी आहेत. घरी येणाऱ्यांना ते बारीक साबुदाण्यासारखे वाटतात, नाहीतर होमिओपॅथीच्या गोळ्यांसारखे. एकदा शेजारचा मुलगा त्यातले चार तोंडात टाकण्याच्या बेतात होता, तेव्हापासून बाटली वरच्या फळीवर गेली. हे मणी आहेत लिथियम टायटनेटचे. म्हणजे लिथियम, टायटॅनियम आणि ऑक्सिजन यांचं, भट्टीत भाजून केलेलं सिरॅमिक. कपबशीच्या आणि विजेच्या खांबावरच्या चिनीमातीच्या वाटीच्या लांबच्या नात्यातलं. मी आयुष्यभर अशा भाजलेल्या वस्तूंच्या संगतीत काढलं, म्हणून त्यांची बाजू आज तुमच्यापुढे मांडतो आहे.

बाजू मांडायची वेळ का आली? तर सूर्य पृथ्वीवर आणण्याच्या बातम्या आपण अधूनमधून वाचतो. इंग्लंडमधल्या ‘जेट’ या यंत्रानं २०२३ च्या अखेरच्या प्रयोगांत पाच सेकंदांत ६९ मेगाज्यूल ऊर्जा निर्माण केली आणि त्यासाठी एक मिलिग्रॅमच्या पाचव्या भागाएवढंच इंधन लागलं. आपल्या घरच्या मीटरच्या भाषेत ही उष्णता १९ युनिट भरते. बातमी खरी आहे, आणि मोठी आहे. पण अशा प्रत्येक बातमीच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं असतं : या ऊर्जेचं इंधन समुद्राच्या पाण्यात अमर्याद आहे. हे वाक्य अर्धंच खरं आहे. उरलेल्या अर्ध्याची जबाबदारी या बाटलीतल्या मण्यांवर आहे.

अणुसंमीलनाच्या ज्या क्रियेवर आज सगळी भिस्त आहे, तिला हायड्रोजनची दोन भावंडं लागतात. एक ड्युटेरियम. तो पाण्यात असतो, वेगळा काढता येतो, त्याची चिंता नाही. दुसरा ट्रिटियम. तो किरणोत्सारी आहे आणि त्याचं अर्धायुष्य अवघं १२.३ वर्षांचं. आज एक किलो तिजोरीत ठेवलात तर बारा वर्षांनी अर्धा किलो उरतो. त्यामुळे निसर्गात त्याचा साठा म्हणावा असा नाहीच. जगात नागरी वापरासाठी उपलब्ध असलेला ट्रिटियम २५-३० किलोंच्या आसपास असावा असा अंदाज आहे, आणि तो मुख्यतः कॅनडातल्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांचं उपउत्पादन म्हणून मिळालेला आहे. आपल्या तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीतही जड पाणी आहे, आणि जड पाण्यातल्या ड्युटेरियमनं न्यूट्रॉन गिळला की तिथंही थोडा थोडा ट्रिटियम होतच असतो.

आता खर्च बघा. एक हजार मेगावॉट उष्णता देणारं संमीलनाचं यंत्र वर्षभर अखंड चाललं, तर ते साधारण ५६ किलो ट्रिटियम खाईल. उष्णता म्हणतोय मी, वीज नव्हे. वीज त्याच्या निम्म्याहूनही कमी मिळेल. म्हणजे जगाचा सगळा साठा एक मध्यम केंद्र सहा महिन्यांत संपवणार. मुंबईसारख्या एका शहराचीही त्यात गरज भागायची नाही.

मग उपाय? यंत्रानं आपलं इंधन आपणच पिकवायचं. विरजण लावताना आपण कालच्या दह्यातलं चमचाभर बाजूला ठेवतो, तसं. ड्युटेरियम आणि ट्रिटियम एकत्र आले की एक हेलियमचा अणू आणि एक न्यूट्रॉन बाहेर पडतो. न्यूट्रॉनवर विद्युतभार नसतो, त्यामुळे चुंबकाची भिंत त्याला अडवत नाही. तो सुसाट सुटतो, १४ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा घेऊन. यंत्राभोवती आपण लिथियमचं जाड आवरण ठेवायचं. लिथियमच्या सहा वस्तुमानाच्या अणूवर न्यूट्रॉन आदळला की त्याचे दोन तुकडे होतात : एक हेलियम आणि एक ट्रिटियम. खर्च झालेल्या एका ट्रिटियमच्या बदल्यात एक नवा ट्रिटियम. अभियंते या आवरणाला ‘ब्लँकेट’ म्हणतात. मी गोधडी म्हणतो, कारण तिच्यात खरोखरच थर आणि कप्पे असतात.

लिथियमचं आणि अणुविज्ञानाचं नातं जुनं आहे. १९३२ साली केंब्रिजमध्ये कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी प्रोटॉनचा मारा करून ज्या अणूचे तुकडे केले तो लिथियमचाच. ट्रिटियमची ओळखही त्याच प्रयोगशाळेत १९३४ मध्ये रदरफर्ड, ऑलिफंट आणि हार्टेक यांना झाली. पुढे लिथियमनं जगाला एकदा चांगलंच फसवलं. १ मार्च १९५४ रोजी बिकिनी बेटांवर अमेरिकेनं हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. त्यात सहा वस्तुमानाचं लिथियम कामाचं आणि सात वस्तुमानाचं निरुपयोगी, असा हिशेब होता. पण चपळ न्यूट्रॉनांनी सातवाल्यातूनही ट्रिटियम काढला आणि स्फोट अपेक्षेच्या सुमारे अडीचपट झाला. दूर समुद्रात मासेमारी करणाऱ्या एका जपानी बोटीवर त्याची राख पडली. हिशेबात एक ओळ सुटली की काय होतं, याचं हे उदाहरण आमच्या क्षेत्रात अजून सांगितलं जातं.

हिशेबाचंच बोलायचं तर, एकास एक हे गणित कागदावर जुळतं, व्यवहारात तुटतं. काही न्यूट्रॉन पोलाद गिळतं, काही तापमापकांच्या आणि नळ्यांच्या फटींतून निसटतात. त्यात ट्रिटियम साठवणीत विरतोही. म्हणून एकाचे दोन न्यूट्रॉन करणारं बेरिलियम किंवा शिसं गोधडीत घालावं लागतं. नैसर्गिक लिथियममध्ये सहावाला जेमतेम साडेसात टक्के, म्हणून तोही वाढवून घ्यावा लागतो. हे सगळं करून शंभर खर्चामागे एकशे पाच ते एकशे दहा मिळाले तरी पुष्कळ. इतका हा बारीक नफ्याचा धंदा आहे.

लिथियम धातू म्हणून का नाही वापरत? वापरता येतो, पण तो पाण्याला भेटला की पेट घेतो, आणि वितळलेला धातू चुंबकाच्या क्षेत्रातून वाहवणं हे वेगळंच दुखणं आहे. सिरॅमिक मात्र स्थिर, तापाला न भिणारं. त्यात लिथियम ऑक्साइड हा पहिला उमेदवार होता. एका घनसेंटिमीटरमध्ये ०.९४ ग्रॅम लिथियम, म्हणजे ठासून भरलेलं. पण ते ओलावा पितं आणि न्यूट्रॉनच्या माऱ्यात फुगतं. मग लिथियम सिलिकेट आणि लिथियम टायटनेट पुढे आली. त्यांच्यात लिथियम जवळपास निम्म्यावर येतं, पण वागणूक सभ्य.

सभ्य म्हणजे किती, याचा मला एका जुलै महिन्यात अनुभव आला. तरुणपणी मी लिथियम सिलिकेटच्या मण्यांची एक बाटली वजन करून ठेवली आणि बूच नीट बसवायला विसरलो. मुंबईतला पावसाळा तुम्हाला ठाऊक आहे. मीठ पाणी होतं, पापड मऊ पडतात. पंधरवड्यानं पाहिलं तर मण्यांचं वजन वाढलेलं. त्यांनी हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन स्वतःवर लिथियम कार्बोनेटचं पांढरं पांघरूण चढवलं होतं. तीन आठवड्यांचं काम वाया गेलं, दोष सर्वस्वी माझा. आज हाच गुणधर्म वापरून कार्बन डायऑक्साइड शोषून घेण्याची संशोधनं चालतात, हे पुढे वाचनात आलं तेव्हा मला हसू आलं.

मणी करतात कसे, हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जर्मनीत कार्ल्सरूहला सिलिकेट वितळवून त्याची बारीक धार सोडतात. धार तुटून थेंब होतात आणि पडता पडता गोठतात. आपल्या झाऱ्यातून बुंदी पाडावी तसं. आपल्याकडे ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात जी एक पद्धत बसवली ती शेवेच्या सोऱ्याची. लिथियम टायटनेटच्या पुडीचा चिकट गोळा दाबून शेवेसारख्या तारा काढायच्या, त्यांचे तुकडे फिरत्या तबकडीवर टाकायचे, की ते घरंगळून गोल होतात. औषधांच्या कारखान्यात कॅप्सूलमधले दाणे याच रीतीनं करतात. मग भट्टीत भाजायचे. मणीच का? तर वडी किंवा वीट केली तर ती उष्णतेच्या ताणानं तडकते. मणी आपापसांत जरा सरकून ताण वाटून घेतात. आणि मण्यांच्या फटींतून वारा खेळतो. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. या मण्यांना वर्षानुवर्षं न्यूट्रॉनच्या पावसात बसायचं आहे. त्यांचं आत काय होतं?

स्फटिक म्हणजे ठिपक्यांची रांगोळी समजा. प्रत्येक ठिपक्यावर एक अणू, ठरलेल्या अंतरावर. त्या रांगोळीवर कॅरमचा स्ट्रायकर सोडायचा. एखाद्या अणूला जागेवरून उठवायला काही दशक इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात, आणि येणाऱ्या न्यूट्रॉनकडे १ कोटी ४० लाख आहेत. तो एका ऑक्सिजनला धडक देतो, तो ऑक्सिजन शेजाऱ्याला, शेजारी पुढच्याला. सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही कितीतरी आत शेकडो अणू उधळतात. गंमत अशी, की त्यातले बहुतेक तितक्याच घाईनं कुठल्या ना कुठल्या रिकाम्या ठिपक्यावर परत बसतात. जे बसत नाहीत ते दोन खुणा ठेवतात : एक रिकामी जागा, आणि फटीत अडकून पडलेला एक उपरा अणू. किरणोत्सर्गाची इजा म्हणतात ती ही. तिचं माप ‘दर अणूमागे किती वेळा उठाबशी’ असं असतं. पुढच्या काळातल्या वीज देणाऱ्या संमीलन यंत्रात पोलादाच्या भिंतीसाठी २० ते ५० असा आकडा धरतात. म्हणजे भिंतीतला प्रत्येक अणू सरासरी वीस ते पन्नास वेळा आपल्या जागेवरून उठवला जाणार, आणि तरीही भिंत उभी राहायला हवी.

पोलादाची ही कथा पुष्कळांना माहीत आहे. लिथियमच्या मण्यांची कथा तिच्याहून वाईट, कारण इथं घरभेदीही आहे. लिथियमचा अणू फुटला की त्याचे दोन तुकडे, हेलियम आणि ट्रिटियम, मण्याच्या आतच बंदुकीच्या गोळीसारखे सुटतात. ट्रिटियम केसाच्या निम्म्या जाडीएवढं अंतर कापतो, हेलियम त्याच्या कितीतरी आधी थांबतो. वाटेत ते इलेक्ट्रॉन उडवत जातात, बंध तोडतात, आणि थांबता थांबता अणू ढकलतात. थोडक्यात, ज्या कामासाठी मणी ठेवला ते काम त्यानं केलं, की त्याच कामानं तो जखमी होतो.

शिवाय लिथियम फुटलं म्हणजे गेलंच. रांगोळीतला तो ठिपका कायमचा पुसला. यंत्राच्या आयुष्यात दहा टक्क्यांच्या आसपास लिथियम असं खर्ची पडेल असं धरतात. त्याच्याशी बांधलेला ऑक्सिजन मागे राहतो, त्याला जोडीदार नाही. पदार्थाचं सूत्रच हळूहळू बदलतं. टायटनेटमध्ये टायटॅनियमचा वाटा वाढत जाऊन वेगळ्या घडणीचे कण दिसू लागतात. आणि प्रत्येक फुटलेल्या लिथियममागे एक हेलियमचा अणू जन्मतो. त्याला कुणाशीच मैत्री करायची नसते. गार मण्यात तो साचून बुडबुडे करतो.

मण्यांचा रंगही बदलतो. पांढऱ्याचे करडे, कधी काळपट निळे. यावर पूर्वी बराच खल झाला, कारण कारणं दोन आहेत आणि दिसायला सारखी. एक, किरणोत्सर्गानं ऑक्सिजनची जागा रिकामी झाली आणि तिथं एखादा एकटा इलेक्ट्रॉन जाऊन बसला, की तो प्रकाश शोषतो. दोन, मण्यांवरून जो वायू सोडतात त्यात थोडा हायड्रोजन असतो. तो टायटनेटमधला ऑक्सिजन खेचून घेतो आणि टायटॅनियमची अवस्था बदलते. नुसत्या भट्टीत, एकही न्यूट्रॉन नसताना, हायड्रोजन सोडून तापवलं तरी हे मणी काळवंडतात. तेव्हा काळा मणी दिसला की किरणोत्सर्गावर खापर फोडायचं नाही, हे आम्ही शिकलो.

आता तुम्ही म्हणाल, झाल्या जखमा तर झाल्या, मण्यांना कुठं भार वाहायचा आहे? अडचण भाराची नाहीच, ट्रिटियम सोडण्याची आहे.

ट्रिटियम मण्याच्या आत जन्मला, आपल्याला तो बाहेर हवा. त्याला आधी स्फटिकाच्या कणातून वाट काढत कणाच्या सीमेवर यायचं, तिथून बारीक छिद्रात, छिद्रातून पृष्ठभागावर. तिथं हेलियमचा वारा वाहतो आहे, त्यात हजारात एक भाग हायड्रोजन. त्या हायड्रोजनशी जोडी जमवून ट्रिटियम निघून जातो. पण वाटेत जखमा आहेत. रिकाम्या ठिपक्यांजवळ, एकट्या इलेक्ट्रॉनांजवळ, बिनजोडीदाराच्या ऑक्सिजनपाशी तो थबकतो, चिकटतो. लोकल पकडायला निघालेल्या माणसाला वाटेत चार ओळखीचे भेटावेत आणि गाडी चुकावी, तसं होतं.

किती थबकला, याला महत्त्व का? मघाचा आकडा घ्या : वर्षाला ५६ किलो, म्हणजे दिवसाला दीडशे ग्रॅम. ट्रिटियम मण्यांत सरासरी एक दिवस रेंगाळला तर गोधडीत कायम दीडशे ग्रॅम अडकून राहील. दहा दिवस रेंगाळला तर दीड किलो. ज्या पदार्थाचा जगभरचा साठा पंचवीस-तीस किलो, त्याचा दीड किलो मण्यांत निजलेला! दुसऱ्या केंद्राला विरजण द्यायला तेवढंच कमी. आणि अपघात झाला तर बाहेर पडू शकणारा साठाही तेवढाच मोठा. ट्रिटियमचा किरण दुबळा आहे, कातडीही भेदत नाही. पण पाण्याच्या रूपात तो शरीरात शिरला की पाण्यासारखाच सगळीकडे पोहोचतो. म्हणून यंत्राजवळ राहणाऱ्या माणसानं सुरक्षेचा एकच प्रश्न विचारायचा ठरवला, तर तो माझ्या मते हा असावा : तुमच्या मण्यांत आत्ता किती ट्रिटियम बसलेला आहे?

यावर औषध आहे, आणि ते साधं आहे. उष्णता. मणी तापले की अडकलेले अणू थरथरू लागतात, उपरे अणू रिकाम्या जागा शोधून बसतात, जखम भरते. जपानमध्ये शिझुओका विद्यापीठातल्या आणि इतर ठिकाणच्या संशोधकांनी हे फार चिकाटीनं तपासलं. न्यूट्रॉन खाल्लेले मणी हळूहळू तापवायचे. एकीकडे एकट्या इलेक्ट्रॉनांची मोजदाद चुंबकीय उपकरणानं करायची, दुसरीकडे बाहेर पडणारा ट्रिटियम मोजायचा. दिसलं असं, की जखमा बुजणं आणि ट्रिटियम सुटणं एकमेकांच्या मागोमाग चालतं. म्हणजे जखम हीच ट्रिटियमची गाठ आहे, हे नुसतं अनुमान राहिलं नाही.

मग खूप तापवा की! तिथं दुसरी भिंत आहे. फार तापलं तर मणी एकमेकांना चिकटतात, त्यांच्या आतले कण वाढतात, छिद्रं बुजतात, लिथियम वाफ होऊन उडू लागतं. म्हणून साधारण ४०० ते ९०० अंश सेल्सियस एवढाच पट्टा वापरायचा. ऐकायला प्रशस्त वाटतो. पण मण्यांचा थर उष्णतेचा वाईट वाहक आहे. भांड्याच्या थंड भिंतीला टेकलेला मणी आणि मधला मणी यांत काही सेंटिमीटरांत शेकडो अंशांचा फरक पडतो. भिंतीजवळचे मणी आजारी राहणार, मधले उकडणार. त्यात एखादा मणी फुटला, त्याची भुकटी फटींत बसली, वारा अडला, की तिथं आणखी ताप. भात शिजवताना मध्ये गोळा आणि कडेला कच्चा, असं ज्यांचं झालं असेल त्यांना हे लगेच कळेल.

उष्णतेनं जखम भरण्याचा एक काळा दाखलाही सांगायला हवा. इंग्लंडमध्ये विंडस्केलला ग्रॅफाइटच्या अणुभट्ट्या होत्या. न्यूट्रॉनच्या माऱ्यानं ग्रॅफाइटमध्ये जी ऊर्जा साठून राही ती सोडवण्यासाठी भट्टी अधूनमधून मुद्दाम तापवत. ऑक्टोबर १९५७ मध्ये असंच तापवताना आग लागली आणि किरणोत्सारी धूर गावांवर पसरला, शेकडो चौरस किलोमीटरवरचं दूध ओतून द्यावं लागलं. त्या वेळी त्या भट्टीत ट्रिटियम मिळवण्यासाठी लिथियमच्या मिश्रधातूची काडतुसंही भरलेली होती. आमचे मणी मुळातच तापलेल्या अवस्थेत काम करतात, त्यामुळे जखम होते तशी भरतही जाते, ऊर्जा साचून राहत नाही. तरी मला विंडस्केलची आठवण ठेवलेली बरी वाटते.

हे सगळं तपासायचं कुठं? इथं खरी अडचण आहे. १४ दशलक्षवाले न्यूट्रॉन भरपूर देणारं यंत्रच जगात नाही. ते यंत्र म्हणजे संमीलनाचं केंद्र, आणि ते बांधायला आधी मणी हवेत! म्हणून नेहमीच्या विखंडनाच्या भट्ट्यांत मणी शिजवतात. अमेरिकेत हॅनफर्डच्या शीघ्र भट्टीत ‘बीट्रिक्स’ नावाचे प्रयोग झाले. नेदरलँड्समध्ये पेटन इथं समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांत एक जुनी भट्टी आहे. युरोपातल्या रुग्णालयांना निदानासाठी लागणारे समस्थानिक ती पुरवते, आणि तिच्याच एका कोपऱ्यात १९८० च्या दशकापासून लिथियमच्या मण्यांच्या मालिका तपासल्या गेल्या. पण विखंडनाच्या भट्टीतले न्यूट्रॉन मंद. मंद न्यूट्रॉन लिथियमला फार आवडतो, तो मण्याच्या सालीतच गिळला जातो. साल जळते, गाभा कोरा. लिथियम भराभर खर्च होतं, पण अणूंची उठाबस त्या मानानं कमी. म्हणजे रोग्याला एक आजार जास्त आणि दुसरा कमी. पेटनच्या एका प्रयोगात, या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर, सहाव्या लिथियमचं प्रमाण बदलून आणि मंद न्यूट्रॉन अडवायला कॅडमियमचा पडदा लावून हे प्रमाण जुळवायचा प्रयत्न झाला. मला हा प्रयोग फार आवडतो. त्यात भव्य काही नाही, फक्त प्रामाणिकपणा आहे.

खऱ्या जातीच्या न्यूट्रॉनांसाठी स्पेनमध्ये ग्रॅनाडाजवळ एक यंत्र उभं राहतं आहे. त्यात ड्युटेरियमचा झोत वितळलेल्या लिथियमच्या वाहत्या पडद्यावर आदळवून न्यूट्रॉन काढायचे. तिथंही लिथियमच! फ्रान्समधल्या ‘इटर’ प्रकल्पात, ज्यात भारत भागीदार आहे आणि ज्याचं अजस्र शीतपात्र गुजरातेत हजिऱ्याला तयार झालं, तिथं गोधडीचे फक्त नमुने बसवायचे आहेत. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या वेळापत्रकानुसार ट्रिटियम वापरण्याचा टप्पा २०३९ मध्ये येईल. तोवर आपलं इंधन आपण पिकवणारं एकही यंत्र जगात असणार नाही, असं मला वाटतं. काही खासगी कंपन्या याहून लवकरच्या तारखा देतात. त्यांच्या पत्रकांत मी नेहमी मण्यांबद्दलचा परिच्छेद शोधतो. बहुधा सापडत नाही.

आपल्याकडे गांधीनगरचं प्लाझ्मा संशोधन संस्थान आणि ट्रॉम्बे यांनी मिळून वेगळी कल्पना मांडली : मण्यांचे थर आणि त्यांच्याभोवती वाहणारं द्रवरूप शिसं-लिथियम. शिसं न्यूट्रॉन वाढवणार, उष्णता वाहून नेणार, थोडा ट्रिटियम स्वतःही पिकवणार. मला ही जोडी हुशारीची वाटते, कारण भिंतीजवळच्या गार मण्यांचं दुखणं तिच्यात कमी होऊ शकतं. पण गरम शिसं पोलाद खातं, हेही तितकंच खरं.

१९५५ साली जिनिव्हाच्या परिषदेत अध्यक्षपदावरून बोलताना होमी भाभांनी भाकीत केलं होतं, की दोन दशकांत संमीलनाची ऊर्जा नियंत्रितपणे मिळवण्याचा मार्ग सापडेल. ते खोटं ठरलं म्हणून काही लोक हसतात. मी हसत नाही. त्या वेळी सगळ्यांच्या डोळ्यांपुढे तापलेला वायू होता. त्याच्याभोवतीची गोधडी कुणी उसवून पाहिलेली नव्हती. आमच्या पिढीनं ती थोडी उसवली, एवढंच.

वेळ संपत आली. मघाच्या बाटलीचं राहिलं. तिच्यातल्या मण्यांनी एकही न्यूट्रॉन पाहिलेला नाही, म्हणूनच ती माझ्या घरात आहे. न्यूट्रॉन खाल्लेले मणी शिशाच्या जाड काचेपलीकडे, यांत्रिक हातांनी एकेक उचलून, दाबून, फुटेपर्यंत तपासतात. दरवर्षी मृगाच्या सुमारास मी बाटलीच्या बुचातली ओलावा शोषणारी पुडी बदलतो आणि मणी तोलून पाहतो. या वर्षी वजन जिथल्या तिथं आहे.